आकाशातील थरांचा अभ्यासक : डॉ. शिशिरकुमार मित्र

रेडिओवरील वेळेचे ठोके ऐकून घड्याळ लावणारी वडीलधारी माणसे तुम्ही पाहिली असतील. दूरच्या लघुलहरी केंद्राचा ठोका मात्र आपल्याकडे सरळ येत नाही. वरच्या हवेतील विद्युत्भारित थरांवरून तो परत फिरतो. हे थर दिवसा व रात्री बदलतात, म्हणून लहरीची वाट लांबते वा आखडते. रेडिओलहर सेकंदाच्या हजाराव्या भागात ३०० किलोमीटर जाते. वाट ३० किलोमीटरने वाढली, की ठोका सेकंदाचा दहाहजारावा भाग उशिरा येतो. थर हलत असेल, तर लहरीची वारंवारताही किंचित ढळते. घरच्या घड्याळाला याचे काही वाटत नाही; प्रयोगशाळेतील घड्याळाला ही चूक फार मोठी असते.

या थरांच्या अभ्यासाचा भारतात पाया घालणारे डॉ. शिशिरकुमार मित्र २४ ऑक्टोबर १८९० रोजी जन्मले. वडील शिक्षक होते. आई शरत्कुमारी वैद्यकीचे शिक्षण घेऊन भागलपूरच्या लेडी डफरिन रुग्णालयात काम करीत. वडील अर्धांगवायूने आजारी पडले व पुढे मुलाच्या विद्यार्थिदशेतच निवर्तले. तरीही या माउलीने मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. १९१२ साली ते एम्.एस्सी. झाले. पुढे पॅरिसला जाऊन १९२३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि परत येऊन कलकत्ता विद्यापीठात रेडिओशास्त्राचे अध्यापन सुरू केले.

सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील 'ई' थराचा प्रायोगिक पुरावा त्यांनी व सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास मिळविला. वरच्या वातावरणावरील त्यांचा ग्रंथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १९४७ मध्ये प्रसिद्ध केला व तो देशोदेशी अभ्यासला गेला. १९५८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १३ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज उपग्रहांकडून येणारे वेळेचे संकेतही याच थरांतून येताना रेंगाळतात. दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे संकेत ताडून तो उशीर मोजतात व वजा करतात. तुमच्या मोबाईलवरील नकाशाही अशाच संकेतांवर चालतो.

पालकहो, घरावर संकट आले की प्रथम मुलांचे, त्यातही मुलींचे, शिक्षण बंद होते. शरत्कुमारी शिकलेल्या होत्या, म्हणूनच त्या घरातील दिवा तेवत राहिला. आपल्या घरातील मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी एवढे अवश्य आठवा.