घटक ४ : लक्ष्मीबाई टिळक – एका सहजीवनाची कसोटी

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• बालविवाहातून उमललेली प्रीती प्रौढ जीवनातील जबाबदाऱ्यांपुढे कशी कसाला लागली, हे स्पष्ट करता येईल.
• या जीवनानुभवाचा लक्ष्मीबाईंच्या लेखनाशी असलेला संबंध उलगडून दाखवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या अभ्यासाकडे वळण्यापूर्वी ते लिहिणाऱ्या स्त्रीचे जीवन आपण समजून घेणार आहोत.

प्रेम म्हटले की आज आपल्या मनात परस्परांची निवड आणि मग विवाह असा क्रम येतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा क्रम उलटा होता. विवाह आधी होई, ओळख नंतर. प्रीती जडलीच तर ती त्याहून पुढे. अशा संसारातील प्रेम हे केवळ सवयीचे किंवा आज्ञापालनाचे असणार, असा आपला समज होण्याचा संभव आहे. लक्ष्मीबाई आणि कवी नारायण वामन टिळक यांचे सहजीवन हा समज तपासून पाहावयास लावते. या दांपत्यात स्वभावाचे अंतर होते, दारिद्र्य होते आणि पुढे तर धर्माचेही अंतर पडले. तरीही हा संबंध तुटला नाही. तो का तुटला नाही, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण आणि विवाह

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या उठावानंतरच्या धरपकडीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या आघाताची छाया घरावर दीर्घकाळ राहिली. वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाजारातून आणलेले धान्य आणि मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात येत नसे. शाळेचे शिक्षण लक्ष्मीबाईंना मिळाले नाही.

१८८० मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पती नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आई लहानपणीच गेलेली, वडील कठोर. त्यामुळे हा मुलगा घराबाहेरच वाढला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. बुद्धिमान, भावनाशील, कवितेत रमणारा आणि एका जागी न टिकणारा असा हा तरुण होता. एकीकडे सासऱ्यांचा धाक आणि दुसरीकडे न सांगता घरातून निघून जाणारा पती, अशा परिस्थितीत लक्ष्मीबाईंच्या संसाराला आरंभ झाला.

४.३.२ पहिली कसोटी : संसाराचा व्यवहार

टिळक आज येथे, तर उद्या तेथे. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी वक्ते. मिळालेला पैसा हाती राहत नसे. समोर गरजू दिसला की घरातील वस्तू उचलून देण्याची त्यांची वृत्ती होती. घरखर्चासाठी दिलेल्या पैशांतून एकदा त्यांनी शोभिवंत दौत विकत आणली. कवीला हे शोभून दिसले, तरी चूल पेटवण्याची जबाबदारी ज्या स्त्रीवर होती, तिच्या दृष्टीने त्या दौतीचा अर्थ वेगळा होता. लक्ष्मीबाई भांडत, रुसत, हसत आणि पुन्हा संसार मांडत. काही अपत्ये लहानपणीच दगावली. १८९१ मध्ये पुत्र दत्तू, म्हणजे पुढील काळातील लेखक देवदत्त टिळक, यांचा जन्म झाला.

याच काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. टिळकांनी पत्नीला लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रयत्न केला. शिक्षक उतावळा होता आणि विद्यार्थिनी घरकामाने थकलेली होती. रागारागाने पुस्तके दूर फेकली जात. तरीही अक्षरे हळूहळू मनात रुजली. पतिपत्नींत बरोबरीचे नाते निर्माण होण्याची ही पहिली पायरी होती, हे आपण लक्षात घ्यावे. पुढे एकमेकांपासून दूर राहावे लागले, तेव्हा याच अक्षरांनी त्यांच्यातील पूल सांभाळला.

४.३.३ दुसरी कसोटी : धर्मांतर आणि वियोग

नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. धर्मविषयक शोध त्यांच्या मनात सुरू होता. नोकरीसाठी राजनांदगावास जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचावयास दिले. त्या वाचनातून त्यांच्या विचारांना नवी दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या घटनेचा लक्ष्मीबाईंवर झालेला परिणाम आपण त्या काळाच्या संदर्भात पाहावयास हवा. पती जिवंत असूनही समाजाच्या दृष्टीने त्या निराधार झाल्या. त्याच्या घरी जावे, तर जात आणि माहेर दोन्ही तुटणार. न जावे, तर पती तुटणार. पदरी लहान मूल होते. नातलगांच्या आधाराने त्या पंढरपूरला राहिल्या. दुःखाचा भर इतका होता, की प्रकृती ढासळली. याच दिवसांत त्या कविता रचू लागल्या.

हा वियोग चार-पाच वर्षे चालला. या काळात दोघांनी काय केले नाही, ते विशेष अर्थपूर्ण आहे. १८६६ च्या कायद्यानुसार, जोडीदार धर्मांतरामुळे सहवास नाकारत असेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयामार्फत विवाह रद्द करून घेऊन पुन्हा विवाह करता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रे पाठवत राहिले, भेटीस येत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंनीही पतीला आपल्या मनातून वजा केले नाही. त्यांचा राग धगधगता होता. परंतु तो परक्या माणसावरचा राग नव्हता.

टिळकांची बाजू पूर्णतः निर्दोष होती, असे मात्र समजू नये. आयुष्य बदलून टाकणारा निर्णय त्यांनी पत्नीला बरोबर न घेता घेतला. त्या निर्णयाची सामाजिक किंमत त्यांच्याहून तिलाच अधिक मोजावी लागली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ही विषमता आपण नजरेआड करू नये.

४.३.४ पुनर्भेट : स्वतंत्र चूल, स्वतंत्र विचार

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात स्थिरावले होते. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन तेथे गेल्या. परंतु धर्म बदलून नव्हे. पतीचे सान्निध्य त्यांनी स्वीकारले, स्वयंपाकपाणी मात्र आपले आपण सांभाळले. टिळकांनी या अटींना मान दिला. ज्या काळात पतीची इच्छा हाच पत्नीचा धर्म मानला जाई, त्या काळात एका घरात दोन धर्मांनी नांदणे ही असाधारण गोष्ट होती.

पुढील परिवर्तन लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारातून झाले. माणसामाणसांतील भेद ईश्वराने केले की माणसांनी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. हे भेद मनुष्यनिर्मित आहेत असा निर्णय झाल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे त्यांनी ठरवले. धान्य आणि मीठ धुऊन घेणाऱ्या घरात वाढलेल्या स्त्रीने येथवर येण्यासाठी किती अंतर कापले असेल, याची आपण कल्पना करावी. त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतीमागून निमूटपणे जाण्याऐवजी, स्वतःच्या वाटेने चालत त्या त्याच्यापर्यंत पोहोचल्या.

४.३.५ तिसरी कसोटी : वाढता संसार

धर्माचे अंतर मिटले, म्हणून जबाबदाऱ्या मिटल्या नाहीत. उलट त्या वाढल्या. दुष्काळ आणि प्लेग यांनी नगर जिल्हा होरपळलेला होता. नगर आणि राहुरी येथे टिळकांच्या घरी निराधार मुले आसऱ्याला येत. तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, हेही काही काळ या घरातील एक झाले होते. टिळक माणसे घरी आणीत आणि त्यांच्या पानात अन्न पडेल याची काळजी लक्ष्मीबाई वाहत. एकाच्या औदार्यामागे दुसऱ्याचे कष्ट उभे होते.

१९१७ मध्ये टिळकांनी संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवून मिशनचे वेतन सोडले. लक्ष्मीबाईंपुढे संसाराची घडी पुन्हा नव्याने बसवण्याची वेळ आली. या वेळी मात्र त्या जलालपूरची भांबावलेली मुलगी राहिल्या नव्हत्या. पतीच्या ध्येयाचे मोल त्यांना कळत होते आणि त्याच्या अव्यवहारीपणावर मनापासून हसताही येत होते.

४.३.६ पतीनंतर

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. येशूच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते. ज्या स्त्रीला शाळा ठाऊक नव्हती, तिने पुढील ६४ अध्याय रचून ते काव्य पूर्ण केले. एके काळी दोघांना दूर करणाऱ्या श्रद्धेवरचे हे काव्य, आणि ते पूर्ण झाले पत्नीच्या हातून. या घटनेतील अर्थ आपण शांतपणे विचारात घ्यावा.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यात लक्ष्मीबाईंनी पतीला देव केले नाही आणि खलनायकही केले नाही. त्याचे विक्षिप्तपण, राग आणि बेजबाबदारपणा त्यांनी जसेच्या तसे दाखवले. स्वतःचा हट्ट आणि अज्ञानही झाकले नाही. बोलीच्या जवळ जाणारी साधी भाषा आणि स्वतःवरही हसणारा विनोद हे त्यांच्या गद्याचे विशेष आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

४.४ सारांश

लक्ष्मीबाईंच्या सहजीवनाला तीन कसोट्यांमधून जावे लागले : दारिद्र्य, धर्मांतर आणि वाढत्या जबाबदाऱ्या. मतैक्य होते म्हणून हे प्रेम टिकले, असे म्हणता येत नाही. वियोगानंतर दोघांनीही एकमेकांवर बळजबरी केली नाही आणि एकमेकांची वाट पाहिली, हे त्याच्या टिकण्याचे खरे कारण दिसते. मात्र या टिकण्याचा भार दोघांवर सारखा नव्हता. तो लक्ष्मीबाईंनी अधिक उचलला. त्या भाराची नोंद त्यांनी कडवटपणाशिवाय, पण काहीही न लपवता केली, हे त्यांच्या लेखनाचे मोठेपण आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती आणि घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. दिवसभराची कामे आटोपल्यावर पुस्तक उघडताना येणारा थकवा लक्ष्मीबाईंना परिचित होता. त्यांचे आत्मचरित्र वाचताना ही जवळीक आपणास उपयोगी पडेल.

४.५ स्वाध्याय

१. टिळकांनी पत्नीला साक्षर करण्याच्या प्रयत्नाचे त्यांच्या सहजीवनातील महत्त्व स्पष्ट करा.
२. लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हे केवळ पतीचे अनुकरण नव्हते, या विधानाची चर्चा करा.
३. टिळकांच्या निर्णयांची किंमत लक्ष्मीबाईंना अधिक मोजावी लागली, हे मत आपणास मान्य आहे काय? सकारण लिहा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध दांपत्याशी संवाद साधा. जबाबदाऱ्यांमुळे त्यांचे नाते कसे बदलत गेले, याविषयी त्यांच्या संमतीने, नावे न देता, एक टिपण तयार करा.