फोनच्या स्क्रीनवरचा जंतू आणि अलेक्झांडर फ्लेमिंग

दिवाळीत उमरखेडला घरी होतो. आईला सर्दी झालेली. औषधांच्या डब्यात मागे उरलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या होत्या. त्यातली एक तिने घेतली, नाक पुसलं आणि माझ्याच फोनवरून मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मला फ्लेमिंग आठवला.

अलेक्झांडर फ्लेमिंग १८८१ साली स्कॉटलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. लंडनला आधी जहाज कंपनीत नोकरी केली, मग डॉक्टर झाला. पहिल्या महायुद्धात त्याने पाहिलं, की खोल जखमेत ओतलेली जंतुनाशकं जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशीच जास्त मारतात. टेबलावर त्याचा कायम पसारा (आपल्या डेस्कटॉपसारखाच). सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतला, तर एका काचेच्या बशीत बुरशी आलेली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू विरघळून गेलेले. त्या बुरशीतून मिळालं ते पेनिसिलिन. बशीतला जंतू होता स्टॅफिलोकॉकस. तो माणसाच्या नाकात, कातडीवर राहतो आणि बोटांवरून आपल्या स्क्रीनवर येतो.

त्याचं औषध बनवणं फ्लेमिंगला जमलं नाही. ते ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी केलं. १९४५ चं नोबेल तिघांना मिळालं. त्या भाषणात फ्लेमिंगने एक काल्पनिक गोष्ट सांगितली: एकाचा घसा दुखतो, तो मनानेच थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. ज्याने शोध लावला त्यानेच, नोबेल घेताना, हे सांगितलं!

१९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्याच वर्षी फ्लेमिंग वारला. आज बहुतेक स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर साधं पेनिसिलिन चालत नाही.

फोनवरचा प्रत्येक जंतू वाईट नसतो हं. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या शास्त्रज्ञांना टचस्क्रीनवर चक्क नवा जिवाणू सापडला, त्याचं नाव लायसिनीबॅसिलस टेलिफोनिकस. आणि औषधाला न जुमानणारा जंतूही अल्कोहोलने मरतो. फोन बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा, कव्हर काढून. चार्जिंगच्या भोकात ओल जाऊ देऊ नका.

सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही, हे आईला समजावलं. आठवड्यात ती आपोआप बरी झाली. उरलेल्या दोन गोळ्या अजून डब्यात आहेत. असू दे म्हणते, लागतील कधी.