सावित्रीबाई फुले : वाणीचे सामर्थ्य

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे गाव आहे. ह्या गावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते. आईचे नाव लक्ष्मीबाई. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांचे मूळ घराणेही सातारा जिल्ह्यातीलच. खटाव तालुक्यातील कटगुण हे त्यांचे गाव.

त्या काळी मुलींना अक्षरओळख नव्हती. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत घरोघरी पसरली होती. ह्या समजुतीला कोणताही आधार नव्हता. ती केवळ बोलण्याबोलण्यातून वाढली होती. परंतु तेवढ्या बोलण्याच्या धाकाने हजारो मुली पाटीपासून दूर राहिल्या. शब्द माणसाला किती घट्ट बांधून ठेवू शकतो, हे यावरून ध्यानी येते.

जोतीरावांनी सावित्रीबाईंना लिहिणे-वाचणे शिकवले. पुढे अहमदनगरच्या फॅरारबाई व पुण्याच्या मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. त्या शाळेस निघाल्या म्हणजे काही लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. चिखलाने भरलेले लुगडे बदलता येई. त्यासाठी त्या दुसरे लुगडे जवळ बाळगीत. परंतु शेणाबरोबर शिव्याही येत. सावित्रीबाईंनी शिवीला शिवीने उत्तर दिले नाही. त्या शांतपणे शाळेत जात आणि मुलींच्या हाती अक्षरे देत. १८५२ पर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा सुरू झाल्या होत्या. १८५५ साली ह्याच शाळांतील मुक्ता नावाच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्यांचे दुःख आजवर कोणी ऐकले नव्हते, त्यांच्यातीलच एक मुलगी आता स्वतःच्या शब्दांत ते जगाला सांगू लागली.

सावित्रीबाई स्वतःही लिहीत. १८५४ साली 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली काही पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी दोन पत्रे नायगावहून लिहिलेली आहेत.

पहिले पत्र १८५६ सालचे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी आल्या होत्या. तेथे त्यांच्या भावाने त्यांच्या कार्यास दोष दिला. महार-मांगांना शिकवून हे दांपत्य कुळाला बट्टा लावीत आहे, असे त्याचे मत होते. सावित्रीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी भावाला त्याच्याच आचरणाकडे पाहावयास लावले. तो गाय-शेळीला मायेने कुरवाळीत असे, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजीत असे. मग आपल्यासारखीच माणसे असलेल्या महार-मांगांना अस्पृश्य का मानावे, असे त्यांनी विचारले. ह्या प्रश्नावर भाऊ वरमला.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण नायगावी आला होता. अस्पृश्य मानलेल्या समाजातील सारजा नावाच्या मुलीशी त्याचे प्रेम जुळले. हे कळताच गावकरी खवळले. त्या दोघांना मारीत-झोडीत गावातून फिरवले आणि ठार मारण्याची भाषा सुरू झाली. सावित्रीबाईंना हे समजले तेव्हा त्या धावत तेथे गेल्या. त्यांच्या हाती काठी नव्हती, पाठीशी शिपाई नव्हता. खून केल्यास सरकारी कायद्याने काय शिक्षा भोगावी लागेल, हे त्यांनी जमावाला स्पष्ट शब्दांत सांगितले. जमाव मागे हटला व दोघांचे प्राण वाचले. नंतर सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवले.

मुलांनो, काही शब्द केवळ अर्थ सांगत नाहीत, ते कार्यही घडवतात. विवाहातील वचनाने दोन व्यक्ती पती-पत्नी होतात. परंतु पूर्वी हे शब्द संस्कृतात भटजी म्हणत आणि वधूला त्यांचा अर्थही कळत नसे. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापला. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात सावित्रीबाईंनी पुढाकार घेतला. जोतीरावांनी मराठीत मंगलाष्टके रचली. ती वधू-वरांनी आळीपाळीने म्हणावयाची असत आणि त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन मागते. मुकाट्याने उभी राहणारी वधू येथे बोलू लागली.

१८९० साली जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे स्त्रीने धरावयाचे नाही, अशी रूढी होती. सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले. १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली असता त्या रुग्णांची सेवा करीत राहिल्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१४ साली पुणे विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. ज्या शहरात त्यांनी शिव्या ऐकल्या, त्याच शहरात आज असंख्य मुली पदवीपत्रावर त्यांचे नाव अभिमानाने वाचतात. कोणाला दुखावणारा शब्द तोंडातून निघण्यापूर्वी आणि अन्याय पाहूनही गप्प राहावेसे वाटेल तेव्हा, नायगावच्या ह्या कन्येचे आपण स्मरण करावे.