माहुताचा पोर, बगदादचा चोर

साबू हे नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चाचा चौधरींच्या चित्रकथांतला, ज्युपिटरवरून आलेला धिप्पाड साबू उभा राहतो. पण त्याच्याही कितीतरी आधी आणखी एक साबू जगभरच्या मुलांच्या ओळखीचा होता. तो परग्रहावरचा नव्हता. तो म्हैसूर संस्थानातल्या हत्तीखान्यातला होता, आणि तिथून थेट हॉलिवुडच्या परीकथांत जाऊन पोचला होता.

त्याची आठवण आज काढण्याचं कारण साधं आहे. अलीकडच्या काळात जुन्या परीकथा माणसांच्या नटसंचाला घेऊन नव्यानं पडद्यावर येऊ लागल्या, आणि प्रत्येक वेळी एकच वाद पेटला. २०२३ साली जलपरीच्या भूमिकेत हॅली बेली ही कृष्णवर्णीय मुलगी दिसली तेव्हा तो झाला, २०२५ साली हिमगौरीच्या चित्रपटावरूनही झाला. राजकन्या कोणत्या रंगाची असावी? मूळ कथेशी इमान राखायचं की नाही? जणू हा प्रश्न कालपरवाच जन्माला आला! साबूचं अवघ्या एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य पाहिलं म्हणजे कळतं, की प्रश्न जुनाच आहे. फक्त पूर्वी तो विचारण्याची सोय नव्हती.

साबूचा जन्म २७ जानेवारी १९२४ रोजी म्हैसूर संस्थानात कबिनी नदीकाठच्या कारापूर इथे झाला. रानटी हत्ती पकडण्याच्या खेड्ड्यांसाठी हा भाग प्रसिद्ध होता. बाप महाराजांच्या पदरी माहूत. आई तान्हेपणीच गेली आणि पुढं बापाचंही छत्र हरपलं. पोरक्या पोराला आसरा मिळाला तो हत्तीखान्याचा. पुस्तकांतून त्याचं नाव साबू दस्तगीर असं छापलेलं आढळतं. दस्तगीर हे मात्र त्याच्या थोरल्या भावाचं नाव. पडद्यावर तो आयुष्यभर नुसता ‘साबू’ म्हणूनच वावरला. आडनाव नाही, मागेपुढे काही नाही. परीकथेतल्या पात्राला शोभावं असंच ते नाव होतं, आणि त्याला त्या पात्रातच अडकवून ठेवणारंही.

१९३५ साली ‘नानूक’कार रॉबर्ट फ्लॅहर्टी हा दिग्दर्शक म्हैसूरला आला. किपलिंगच्या हत्तीवाल्या तूमाईच्या गोष्टीवर लंडनच्या अलेक्झांडर कोर्डासाठी त्याला चित्रपट करायचा होता. त्यासाठी मुलगा हवा होता, आणि तो हत्तीशी घरोबा असलेलाच हवा होता. छायाचित्रकार ऑस्मंड बोराडेल याची नजर हत्तीखान्यातल्या साबूवर गेली. पोरानं ना नाटक पाहिलेलं, ना त्याला इंग्रजीचा गंध. पण हत्तीच्या पाठीवर तो असा बसे, की अभिनय शिकवण्याची गरजच उरली नाही. निम्मंअधिक काम म्हैसूरच्या रानात झालं. उरलेल्यासाठी साबूला इंग्लंडात नेण्यात आलं. थोरला भाऊ सोबतीला होता. १९३७ साली ‘एलिफंट बॉय’ प्रदर्शित झाला, व्हेनिसला त्याच्या दिग्दर्शनाला पारितोषिक मिळालं, आणि तेरा वर्षांचा माहुताचा पोर एका रात्रीत नट झाला.

या पहिल्याच चित्रपटात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साबू खरा माहुताचा मुलगा. पण पडद्यावरचा माहुतांचा म्होरक्या माचुआ अप्पा झाला होता ॲलन जेझ हा इंग्रज नट, तोंडाला रंग फासून. ही त्या काळची रीतच होती. हिंदी, अरब, चिनी पात्रं गोऱ्यांनी रंग लावून करायची. पोर मात्र खरा चालत असे. पोराचं कुणाला भय वाटत नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द ड्रम’ मध्ये साबू सरहद्दीवरच्या संस्थानाचा धाकटा राजपुत्र होता, इंग्रजांचा इमानी दोस्त. दुष्ट काका झाला होता रेमंड मॅसी, अर्थातच रंग लावून. साम्राज्याची आरती ओवाळणारा हा चित्रपट १९३८ साली मुंबईत लागला तेव्हा लोक खवळले. निदर्शनं झाली आणि तो पडद्यावरून उतरवावा लागला. ज्या मुलाचं कौतुक लंडनमध्ये चाललं होतं, त्याच्याच चित्रपटाविरुद्ध त्याचे देशबांधव रस्त्यावर आले. त्या चौदा वर्षांच्या पोराला यातलं कितपत उमजलं असेल, कोण जाणे.

यानंतर आला १९४० सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’. हाच त्याच्या कीर्तीचा कळस. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं आणि कोर्डानं अर्धवट चित्रपट उचलून अमेरिकेत नेला. काही दृश्यं ग्रँड कॅन्यनच्या परिसरात घेतली. उडता गालिचा, उडता यांत्रिक घोडा, बाटलीतून बाहेर पडणारा राक्षस, सर्वदर्शी डोळा अशी ही सगळी माया त्या काळच्या प्रेक्षकांनी आ वासून पाहिली. रंगीत छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि चमत्कृतिदृश्यं यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाली.

आता या बगदादची वस्ती पाहा. तरुण राजा अहमद म्हणजे जॉन जस्टिन, इंग्रज. राजकन्या जून डुप्रे, तीही इंग्रज. कपटी वजीर जाफर म्हणजे जर्मनीतून आलेला कॉनराड फाइट. खेळण्यांचा नादी सुलतान माइल्स मॅलसन, पुन्हा इंग्रज. मुख्य भूमिकांत गोरे नसलेले दोघेच : चोर अबू झालेला साबू आणि बाटलीतला राक्षस झालेला रेक्स इंग्रॅम हा कृष्णवर्णीय अमेरिकन नट. मूळ कथेशी इमान राखण्याची भाषा आज जे करतात, त्यांनी हा नटसंच एकदा डोळ्यांखालून घालावा. बगदादच्या गादीवर बगदादचा माणूस तेव्हाही नव्हताच.

तरीही हा चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, लक्षात राहतो तो साबू. राजा आंधळा होतो, अबूचा कुत्रा होतो, पण हिंमत आणि अक्कल सगळी अबूचीच. राक्षसाला युक्तीनं पुन्हा बाटलीत कोंडणारा तो, गालिच्यावर बसून राजाचे प्राण वाचवणारा तो. शेवटी राजकन्या मिळते अहमदला, गादीही अहमदला. अबूला बक्षीस म्हणून शाळेत घालून पुढं वजीर करण्याचं ठरतं, तेव्हा पठ्ठ्या गालिच्यावर बसतो आणि हसत हसत निघून जातो. लहानपणी पाहताना हा शेवट फार गोड वाटतो. मोठेपणी मात्र प्रश्न पडतो, की त्याच्यासाठी जागा ठेवली होती कुठे? परीकथेत सावळ्या पोराला साहस मिळत होतं, राज्य मिळत नव्हतं. आणि प्रेम तर नाहीच नाही.

हा काही योगायोग नव्हता. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या हॉलिवुडच्या आचारसंहितेनं गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम पडद्यावर दाखवायला बंदी केली होती, आणि तिची सावली इतर रंगांच्या नटांवरही पडत असे. नायिका गोरी असली की नायकही गोराच लागे. मग साबूला उरे ती नायकाच्या जिवलग दोस्ताची जागा. १९४२ च्या ‘जंगल बुक’ मध्ये तो मोगली झाला, कारण मोगली पोरच आहे. त्यातही त्याची आई मेसुआ झाली होती रोझमेरी डीकॅम्प ही अमेरिकन बाई. त्याच वर्षीच्या ‘अरेबियन नाइट्स’ मध्ये खलिफा हारून अल रशीद झाला जॉन हॉल, शहरजाद झाली मारिया माँटेझ आणि साबू त्यांचा मदतनीस. ‘व्हाइट सॅव्हेज’, ‘कोब्रा वुमन’ या चित्रपटांतही मांडणी तीच. तो तिशीकडं झुकत चालला, पण हॉलिवुडच्या लेखी तो पोरच राहिला.

परीकथेबाहेर मात्र तो वेळेवर मोठा झाला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलं होतं, आणि १९४६ चा कायदा होईपर्यंत सर्वसाधारण हिंदी माणसाला ते दार बंदच होतं. साबूला ते १९४४ साली, ऐन युद्धकाळात मिळालं. तो अमेरिकेच्या हवाईदलात शिरला. बी-२४ लिबरेटर जातीच्या बाँबफेकी विमानांत मशीनगन चालवणारा म्हणून त्यानं पॅसिफिकच्या आघाडीवर मोहिमा केल्या आणि ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे मानाचं पदक मिळवलं. गालिच्यावर उडणारा अबू खऱ्याखुऱ्या आकाशात मृत्यूशी गाठ घालून परतला.

परतल्यावर काय? १९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ मध्ये त्याला तरुण सरदाराची छोटी पण देखणी भूमिका मिळाली. हिमालयातली ही कथा इंग्लंडच्या स्टुडिओत उभी केली होती, आणि त्याच्या जोडीची पहाडी मुलगी झाली होती जीन सिमन्स, अंगाला तपकिरी रंग लावून. त्यानंतर कामं घटत गेली. १९४८ साली त्यानं मॅरिलिन कूपर या नटीशी लग्न केलं. एक मुलगा, एक मुलगी झाली. १९५१ च्या सुमारास तो लंडनच्या हॅरिंगे सर्कशीत हत्तींबरोबर खेळ करत होता. ज्या पाठीवरून उतरून तो जग जिंकायला निघाला होता, तिथंच पोट त्याला परत घेऊन आलं.

आणि मग मायदेशानं एकदा दार किलकिलं केलं. मेहबूब खान यांच्या मनात ‘मदर इंडिया’तल्या बिरजूच्या भूमिकेसाठी साबू होता. साबू मुंबईत आला, हॉटेलात राहून वाट पाहत बसला. पण चित्रीकरण लांबलं, आणि परदेशी नागरिक म्हणून लागणाऱ्या कामाच्या परवान्याचं घोडं अडलं. बिरजू झाला सुनील दत्त, आणि १९५७ साली चित्रपटानं इतिहास घडवला. तिकडं साबू कायम हिंदी पोर होता. इकडं येताच तो अमेरिकन ठरला. दैवाची याहून क्रूर थट्टा कोणती?

२ डिसेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराच्या झटक्यानं साबू गेला. त्याचा शेवटचा चित्रपट, डिस्नेचा ‘अ टायगर वॉक्स’, त्याच्या मृत्यूनंतर १९६४ साली आला. वाघ आणि वाघाची देखभाल जाणणारा हिंदी माणूस, म्हणजे शेवटपर्यंत जनावरांचीच संगत.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. २०१६ च्या ‘जंगल बुक’ मध्ये नील सेठी हा भारतीय वंशाचा मुलगा मोगली झाला. २०१९ च्या ‘अलादीन’ मध्ये इजिप्तमध्ये जन्मलेला मेना मसूद नायक झाला, आणि जिच्या आईकडून गुजराती रक्त आलं आहे ती नेओमी स्कॉट राजकन्या झाली. या वेळी राजकन्या गालिच्यावाल्याच्याच वाट्याला आली. साबूनं हे पाहिलं असतं तर तो नक्की हसला असता, त्याच्या त्या प्रसिद्ध शुभ्र हास्यानं.

पण हॉलिवुडला नावं ठेवून आपली सुटका होत नाही. आपल्या स्नेहसंमेलनाच्या नाटकाची निवड आठवून पाहा. राणी कोण, दासी कोण, राक्षस कोण, हे ठरवताना आवाज आणि अभिनय ऐकण्याआधी आपली नजर कुठं जाते? सावळी मुलगी संवाद चोख म्हणते आणि राणीची वस्त्रं दुसरीच्या अंगावर चढतात, हे आपण पाहिलेलं नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. त्यासाठी आचारसंहिता लागत नाही आणि कायदाही लागत नाही. नुसती सवय पुरते.

साबू गालिच्यावर बसून निघून गेला, कारण त्या बगदादात त्याच्यासाठी गादी नव्हती. आपल्या रंगमंचावरून असं कुणाला निघून जावं लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.