विश्लेषण : घरात कोंडलेल्या अपंग मुलांसाठी पहिली ‘दिवसाची शाळा’ कशी उभी राहिली? कोण होत्या मेरी वॉर्ड?

तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला सकाळी गाडीने घरून न्यायचे, दिवसभर शिक्षण, उपचार आणि जेवण द्यायचे, संध्याकाळी परत आई-वडिलांकडे सोडायचे. आज ‘डे केअर’ किंवा दिवसाचे केंद्र म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था साधी वाटते. मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये अशा मुलांपुढे दोनच वाटा होत्या : घराची खोली किंवा दूरची निवासी संस्था. तिसरी वाट काढणाऱ्यांत एक नाव ठळक आहे. ते शिक्षणतज्ज्ञाचे किंवा डॉक्टरचे नाही, तर त्या काळातील एका लोकप्रिय कादंबरीकार बाईंचे आहे.

मेरी वॉर्ड कोण होत्या?

मेरी ऑगस्टा अरनॉल्ड यांचा जन्म ११ जून १८५१ रोजी टास्मानियातील होबार्ट येथे झाला. घराणे विद्वानांचे. रग्बी शाळेचे ख्यातनाम मुख्याध्यापक थॉमस अरनॉल्ड हे त्यांचे आजोबा, तर कवी आणि समीक्षक मॅथ्यू अरनॉल्ड हे काका. मेरी पाच वर्षांच्या असताना कुटुंब इंग्लंडला परतले. पुढे ऑक्सफर्डमध्ये राहताना त्यांना विद्यापीठात शिकता आले नाही, कारण स्त्रियांना तेथे प्रवेशच नव्हता. ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतःच अभ्यास केला. १८७२ मध्ये ऑक्सफर्डचे अध्यापक हम्फ्री वॉर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८७९ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झालेल्या सॉमरव्हिल हॉलच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १८८१ मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त त्या लंडनला आल्या आणि मिसेस हम्फ्री वॉर्ड या नावाने लिहू लागल्या.

एका कादंबरीतून संस्था कशी जन्मली?

१८८८ मध्ये त्यांची ‘रॉबर्ट एल्समियर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. चमत्कारांवरचा विश्वास उडालेला एक पाद्री चर्चची चाकरी सोडतो आणि लंडनच्या कष्टकरी वस्तीत जाऊन सेवाकार्य उभारतो, असे तिचे कथानक. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी तिच्यावर दीर्घ लेख लिहिला. इंग्लंड-अमेरिकेत तिचा प्रचंड खप झाला.

कथेतील कार्य प्रत्यक्षात आणायचे म्हणून वॉर्ड यांनी १८९० मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये ‘युनिव्हर्सिटी हॉल’ सुरू केले. सुशिक्षित तरुणांनी गरीब वस्तीत राहून तेथील लोकांसाठी काम करायचे, ही त्या काळातील ‘सेटलमेंट’ चळवळीची कल्पना. पण धर्मविषयक व्याख्यानांना कामगार फारसे फिरकेनात. त्याउलट जवळच्या मार्चमाँट हॉलमध्ये सुरू केलेले मुलांचे क्लब मात्र गजबजले. लोकांना काय हवे आहे, हे वॉर्ड यांनी त्यावरून ओळखले आणि भर बदलला. दानशूर वृत्तपत्र मालक जॉन पॅसमोर एडवर्ड्स यांच्या देणगीतून टॅव्हिस्टॉक प्लेसमध्ये नवी वास्तू उभी राहिली. तेथे पॅसमोर एडवर्ड्स सेटलमेंटचे काम सुरू झाले.

अपंग मुलांची स्थिती काय होती?

इंग्लंडमध्ये १८८० पासून मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे होते. परंतु आजारपण हे गैरहजेरीचे वैध कारण होते. त्यामुळे कंबरेच्या किंवा मणक्याच्या क्षयाने जखडलेली, पक्षाघात किंवा हृदयविकार असलेली मुले कायद्याच्या जाळीतून अलगद गळत. अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी १८९३ मध्ये कायदा झाला होता. बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठी लंडन स्कूल बोर्डाने १८९२ पासून विशेष वर्ग काढले होते. शरीराने अपंग, पण बुद्धीने तल्लख मुलाला मात्र कोणीच वाली नव्हता. आई-वडील कामावर गेले की ते मूल दिवसभर खोलीत एकटे पडून राही. काही निवासी संस्था होत्या. पण तेथे जागा मोजक्या आणि घर सुटायचे ते सुटायचेच.

शाळा नेमकी कशी चालत असे?

सेटलमेंटच्या नव्या इमारतीत क्लब आणि वर्ग संध्याकाळी भरत. दिवसा खोल्या रिकाम्या असत. त्या या मुलांसाठी का वापरू नयेत, असा विचार पुढे आला. वॉर्ड यांनी प्रथम गरज किती आहे ते तपासले. रुग्णालये आणि घरोघरी जाऊन आजारी मुलांना भेटणाऱ्या संस्थेकडून आसपासच्या मुलांची यादी जमवली. ती घेऊन त्या लंडन स्कूल बोर्डाकडे गेल्या. बोर्डाने शिक्षिका आणि सामान द्यावे. जागा, परिचारिका, वाहन आणि जेवण सेटलमेंटने पाहावे, असे ठरले. फेब्रुवारी १८९९ मध्ये शाळा सुरू झाली.

या व्यवस्थेचा प्रत्येक भाग एका अडचणीचे उत्तर होता. मूल चालू शकत नाही, म्हणून घोडागाडीची रुग्णवाहिका दारापर्यंत जाई. बसता येत नाही, म्हणून वर्गात आडवे होण्यासाठी कोच होते. जखमा आणि आधारपट्ट्या सांभाळाव्या लागत, म्हणून परिचारिका हजर असे. अनेक मुलांच्या दुखण्याच्या मुळाशी कुपोषण होते, म्हणून दुपारी गरम, सकस जेवण मिळे. काही काळातच मुलांची वजने वाढू लागली. मूल संध्याकाळी घरी परतत असल्याने आईची माया तुटत नव्हती आणि दिवसभर मोकळी झालेली आई कामावरही जाऊ शकत होती.

शाळा संपल्यावर पुढे काय?

हा प्रश्न वॉर्ड यांना लवकरच भेडसावू लागला. वाचायला शिकलेला मुलगा सोळाव्या वर्षी पुन्हा त्याच खोलीत पडून राहणार असेल, तर इतका खटाटोप कशासाठी? म्हणून मोठ्या मुला-मुलींना हाताला झेपेल असे काम शिकवणे आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे लक्ष ठेवणे, यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली. दरम्यान लंडनमध्ये याच धर्तीवर एकेक शाळा निघत गेली. अवघ्या काही वर्षांत एका इमारतीतला प्रयोग शहराच्या शिक्षणव्यवस्थेचा भाग बनला.

संध्याकाळी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी वॉर्ड यांनी खेळकेंद्रेही काढली. ती चालवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारे कलम १९०७ च्या शिक्षण कायद्यात आले. ते ‘मेरी वॉर्ड कलम’ म्हणूनच ओळखले गेले.

कायदा कसा बदलला?

१८९९ च्या कायद्याने स्थानिक शिक्षण यंत्रणांना अपंग मुलांसाठी शाळा काढण्याची मुभा दिली होती, सक्ती नव्हे. लंडनने शाळा काढल्या, अनेक ठिकाणी काहीच झाले नाही. १९१४ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी बंधनकारक झाली. शारीरिक अपंग मुले पुन्हा मागे राहिली. पहिले महायुद्ध सुरू असताना, साठी उलटलेल्या वॉर्ड यांनी खासदार आणि शिक्षण यंत्रणांकडे पाठपुरावा केला. अखेर १९१८ च्या शिक्षण कायद्यात ही सक्ती शारीरिक अपंग मुलांपर्यंत पोहोचली. एकेकाळी दयेवर चाललेली गोष्ट सरकारचे कर्तव्य ठरली.

वादाची बाजू कोणती?

मेरी वॉर्ड यांचे चरित्र सरळ रेषेत चालत नाही. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी झटणाऱ्या या बाई स्त्रियांच्या संसदीय मताधिकाराच्या कडव्या विरोधक होत्या. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या मताधिकारविरोधी महिला संघटनेच्या त्या अग्रणी होत्या. शाळा, आरोग्य, नगरपालिका हे स्त्रियांचे कार्यक्षेत्र. साम्राज्याचा कारभार पुरुषांनी पाहावा, अशी त्यांची धारणा होती. पण आपल्या मुलांसाठी कायदा करून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना संसदेचाच दरवाजा ठोठवावा लागला. थोरामोठ्यांशी ओळख असल्याने तो उघडला. वस्तीतल्या सामान्य आईपाशी ना ओळख होती, ना मत. या भूमिकेमुळे पुढच्या पिढ्यांनी त्यांना बाजूला सारले आणि त्यांचे सामाजिक कामही विस्मरणात गेले.

त्यांच्या शाळेलाही मर्यादा होत्या. अपंग मुले शिकू लागली, पण इतर मुलांपासून वेगळी. ब्रिटनमध्ये १९७८ च्या वॉर्नॉक समितीच्या अहवालानंतर आणि १९८१ च्या कायद्यानंतर सर्वांनी एकत्र शिकण्याच्या विचाराला बळ मिळाले.

आज त्यांचे काय उरले?

१९२० मध्ये ब्रिटनमधील पहिल्या महिला दंडाधिकाऱ्यांत वॉर्ड यांची निवड झाली. त्याच वर्षी २४ मार्च रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी सेटलमेंटला त्यांचे नाव देण्यात आले. टॅव्हिस्टॉक प्लेसची ती वास्तू आज ‘मेरी वॉर्ड हाऊस’ म्हणून जतन केली आहे. त्यांच्या कादंबऱ्या आता फारशा वाचल्या जात नाहीत. पण गाडी, परिचारिका, जेवण, शिक्षण आणि संध्याकाळी घर, हा त्यांनी जुळवलेला मेळ आजही कोणत्याही चांगल्या दिवसाच्या केंद्रात दिसतो. यातले एक जरी तुटले, गाडी जरी आली नाही, तरी मूल पुन्हा त्या खोलीतच राहते.