शेजारच्या लादीची रेषा

आयुष्यभर लाद्यांच्या मांडणीचा विचार करणारा माणूस कोण, असे कोणी विचारले तर मी मॉरिट्स एशर या डच चित्रकाराचे नाव सांगेन. जन्म १७ जून १८९८. वडील सिव्हिल इंजिनिअर, पण मुलगा गणितात कच्चा. शाळेची शेवटची परीक्षाही पास झाला नाही. हार्लेमला आर्किटेक्चर शिकायला गेला. तिथे मेस्किटा नावाच्या गुरुजींनी त्याची चित्रे पाहिली आणि त्याला ग्राफिक कलेकडे वळवले.

१९२२ साली स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातली लाद्यांची नक्षी त्याने पाहिली आणि ती डोक्यात बसली. पुढे इटलीत संसार मांडला. पण मुलाला शाळेत फॅसिस्ट गणवेश घालायची सक्ती झाली, तेव्हा १९३५ मध्ये त्याने तो देश सोडला. १९३६ साली तो पत्नी जेटासह पुन्हा अल्हाम्ब्राला गेला. बोटीच्या भाड्यापोटी कंपनीला स्वतःची चित्रे द्यायची, असा ठराव! आमच्या बँकेत असे तारण कोणी घेतले नसते. नवरा-बायको कित्येक दिवस भिंतींसमोर बसून नक्षी उतरवत होते.

आता थोडा हिशेब. नियमित आकाराची एकच लादी वापरून फट न ठेवता जमीन भरायची, तर समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन हे तीनच आकार चालतात. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन एकत्र आणले तर ३२४ होतात, ३६ अंशांची फट राहते आणि चौथा काही मावत नाही. एशरने युक्ती केली. चौरसाच्या एका बाजूचा तुकडा कापून समोरच्या बाजूला जोडला, तर आकार बदलतो, पण लादी बसते तशीच. असे करत त्याने मासे, पक्षी, पाली एकमेकांत गुंतवल्या. त्याचा भाऊ बेरेंड भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. त्याने स्फटिकांवरचे शोधनिबंध वाचायला सुचवले. त्यातली सूत्रे एशरला कळेनात, आकृत्या मात्र बरोबर कळल्या. अशी १३७ चित्रे त्याने वहीत नंबर घालून ठेवली.

मेस्किटा गुरुजी ज्यू होते. १९४४ मध्ये नाझींनी त्यांना सहकुटुंब नेले. कोणी परत आले नाही. एशरने त्यांच्या घरातली चित्रे वाचवून युद्धभर सांभाळली. त्यांतल्या एकावर बुटाचा ठसा उमटला होता. ते चित्र त्याने शेवटपर्यंत जपले.

१९५४ साली अ‍ॅमस्टरडॅमला जगभरचे गणितज्ञ जमले, तेव्हा तिथे या गणितात नापास मुलाचे प्रदर्शन भरले होते! २७ मार्च १९७२ रोजी तो गेला.

घरात लाद्या बदलणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढे घ्यावे: आधी कागदावर मांडा. खोलीच्या मध्यातून दोरी धरा, लाद्या कोरड्याच लावून बघा. एका कडेला दोन बोटांची पट्टी उरत असेल, तर मांडणी सरकवून दोन्ही कडांना सारखे मोठे तुकडे येऊ द्या. मिस्त्री सिमेंट कालवायला लागला की विचार करायला वेळ नसतो.

आणि एक. एशरच्या त्या नक्षीत रिकामी जागा नाही. एका पक्ष्याची कड हीच शेजारच्या पक्ष्याची कड असते. एकाने रेषा ओढली की दुसऱ्याचा आकार बदलतो. सामाईक भिंतीच्या आधाराने पंचवीस वर्षे एकत्र राहिलेल्या आपल्याला हे वेगळे काय सांगायचे?