'माणूस'मधील मैना : शांता हुबळीकर

प्रभात फिल्म कंपनीचा विषय निघाला, की 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' यांची नावे हटकून घेतली जातात. व्ही. शांताराम यांनी १९३९ साली दिग्दर्शित केलेला 'माणूस' मात्र बहुतेकांच्या स्मरणात एका गाण्यापुरताच उरला आहे. वेश्येच्या प्रेमात पडलेल्या पोलीस शिपायाची ही कहाणी आज क्वचितच कोणी पूर्ण पाहतो. त्यामुळे मैनेची भूमिका जगणाऱ्या शांता हुबळीकर यांच्या अभिनयाचेही पुरते मोल झालेले नाही.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९१४ रोजी हुबळीजवळच्या अदरगुंची गावी झाला. मूळ नाव राजम्मा, मातृभाषा कन्नड. गळ्याच्या बळावर त्या रंगभूमीवर आणि तेथून बोलपटांत आल्या. प्रभातच्या 'माझा मुलगा' (१९३८) या चित्रपटात त्या शाहू मोडक यांच्यासह झळकल्या. पुढच्याच वर्षी हीच जोडी 'माणूस'मध्ये आली. एरवी श्रीकृष्ण म्हणून पूजले जाणारे मोडक येथे चक्क गणपत शिपाई झाले होते.

कुंटणखान्यावरील छाप्यात गणपत मैनेला पाठीशी घालतो आणि तेथूनच त्याच्या मनाची घसरण सुरू होते. अंगावरची वर्दी, घरची सोवळी आई आणि चाळीतले डोळे यांच्या कात्रीत तो सापडतो. मैनेची कोंडी तर याहून बिकट! निबर, थट्टेखोर मुखवट्याआड तिला संसाराची ओढ लागते. पण गणपतची आई देवापुढे तिला आपली मानू लागताच हा मान आपला नव्हे, या भावनेने ती पळ काढते. छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो. तुरुंगातून सोडवायला आलेल्या गणपतला ती नकार देते. प्रेमापायी झुरून मरणाऱ्या 'देवदास'ला शांताराम यांनी दिलेले हे उत्तर होते. अर्थात, उत्तर म्हणून पाहिले नाही तरी चित्रपट तितकाच अस्वस्थ करतो. बॉम्बे टॉकीजच्या गोडगोड प्रेमगीतांची त्यातली टवाळीही खुमासदार आहे.

उद्याची फिकीर कशाला, असे विचारणारे गाणे हुबळीकर यांनी स्वतःच गायिले. मास्टर कृष्णराव यांच्या संगीतातले हे गीत अनेक भाषांतून फिरते आणि मैना प्रत्येक भाषेसरशी नवा नखरा धारण करते. गिऱ्हाइकाला रिझवणारे हे गाणे तिच्या थकव्याची चाहूलही देते. अभिनयाची खरी कसोटी तेथेच आहे.

एवढे यश मिळूनही पुढे त्या तोडीची भूमिका त्यांच्या वाट्याला आली नाही. 'पहिला पाळणा' आणि कन्नड 'जीवन नाटक' यांसारखे काही चित्रपट झाले, मग संसार आणि विस्मरण. उतारवयात त्यांना आश्रमाचा आसरा घ्यावा लागला. घराघरांत जिचे गाणे वाजत होते, ती गायिका हयात आहे, हेही कित्येकांना ठाऊक नव्हते. मराठी चित्रसृष्टीने याची खंत बाळगायला हवी होती. वृत्तपत्रांनी शोध घेतल्यावर लोकांना त्यांची पुन्हा आठवण झाली.

१९९० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी मैनेच्याच गाण्याचे नाव दिले : 'कशाला उद्याची बात'. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७ जुलै १९९२ रोजी, त्यांचे निधन झाले.